डावी कूस

४ मार्च

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक सोल्डरिंगची पेटी आणि मी, एवढा लवाजमा बघून काकूंनी आधी पेटीच उचलली आणि म्हणाल्या, एवढीशी दिसते पण मेलीचं वजन बघा. मग मला आत ओढून चहा दिला आणि मी किती वाळलेय यावर लांबलचक भाषण दिलं. मी काही वाळलेली-बिळलेली नाही. पण कोणीतरी असं म्हटलं की बरं वाटतं, ते वाटलं.

नोकरी काकांच्या वर्कशॉपमध्ये, जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती. खाली रस्त्याला लागून दुकान, त्याच्यामागे एक खोली, वर काका-काकू राहतात आणि त्यांच्याही वर गच्चीला चिकटून माझी खोली. खिडकीतून समोरच्या टायरवाल्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि हातभर आभाळ. मोठ्या सर्व्हिस सेंटरने नारळ दिल्यावर ताई म्हणाली होती, तुझ्या त्या जुन्या डबड्यांना आता कोण विचारतंय? तिला फोन करून सांगितलं की विचारणारे आहेत, वर खोलीही देतात. ती म्हणाली, मग आता तिथे तरी जरा तोंड सांभाळून राहा.

काका अगदी कमी बोलतात. पहिल्याच तासात मी त्यांना सोल्डर कसं लावायचं हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते हेच करतायत, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तेव्हापासून काकांनी माझं नाव मास्तरीणबाई ठेवलंय.

७ मार्च

काम झकास आहे. आमच्याकडे येतात ती सगळी म्हातारीकोतारी यंत्रं. कारखान्यातली लेथ, दवाखान्यातलं रक्त तपासायचं मशीन, गोदामातले वजनकाटे, या मंडळींना नव्या लॅपटॉपशी बोलताच येत नाही. त्यांना जुना नऊ पिनांचा सिरियल पोर्टच लागतो. नव्या लॅपटॉपला तो नसतोच, आणि जुन्याला असून पुष्कळदा आतून बंद केलेला असतो. मग लॅपटॉप सुरू होता होता एफ-टू दाबत राहायचं. विंडोज यायच्या आधी एक निळी स्क्रीन येते, ती बायॉस. तिथे एकेका पोर्टची ओळ असते, ती डिसेबल्डची एनेबल्ड करायची, पत्ता आणि इंटरप्ट नंबर, म्हणजे पोर्टने लॅपटॉपला हाक मारायची लाइन, निवडायचा, एफ-टेन दाबून सेव्ह करायचं. झालं. एवढ्यासाठी लोक आठवडा आठवडा डोकं फोडत बसतात.

आज लेथवाला आला होता. बाजारातल्या सगळ्या कन्व्हर्टर वायरी घेऊन झाल्या, लेथ ढिम्म. मी पोर्ट उघडून दिला आणि लेथने पहिल्याच फटक्यात उत्तर दिलं. तो आ वासून बघत राहिला आणि मी उगाच गंभीर चेहरा करून बसले. काका गालातल्या गालात हसले.

काकांची एकच शिस्त आहे. जो पोर्ट लागत नाही तो बंद करूनच लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नाहीतर दोन वस्तू एकाच इंटरप्टवर येऊन भांडतात. नजर मात्र त्यांची पार गेलीय. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्याने नुसता उजेड कळतो. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.

१२ मार्च

मागच्या खोलीचं आज कळलं. मला वाटलं होतं सामान ठेवत असतील. काकू रोज सकाळी तिथे झाडू मारतात, चादर बदलतात. पलंग आहे, दवाखान्यात असतो तसा, कडेला दांडे असलेला. शेजारी टेबल आणि टेबलावर उशीच्या अभ्र्यात घातलेला एक लॅपटॉप.

त्यांची मुलगी, माऊ. तिचा आजार असा होता की स्नायू एकेक करून कामातून जात होते. आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. शेवटची कित्येक वर्षं फक्त उजव्या हाताचं एक बोट हलायचं. काकांनी तिच्यासाठी एका बटणाची पेटी बनवली आणि ती या लॅपटॉपच्या सिरियल पोर्टला जोडली. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी असायच्या आणि त्यांवरून एक चौकट फिरत राहायची. हव्या त्या अक्षरावर आली की माऊने बोट दाबायचं. असं करत ती बोलायची. चेष्टाही करायची, काकू म्हणाल्या. काकांनी नवा शर्ट घेतला की सगळं काम थांबवून एवढंच लिहायची की पडदा कोणाच्या खिडकीचा?

सांगताना काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सगळ्यात जास्त कशाला लिहायची, तर कूस बदलायला. स्वतःला वळता येत नाही, एका अंगावर पडून पडून हाड न् हाड ठणकायचं. रात्रीतून कितीदा उठून काकू एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायच्या. मागच्या वर्षी ती गेली. तिला नेल्यावर लगेचच मशीनही बंद पडलं. आतून जळलं, काका म्हणाले.

जाता जाता काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, तू एवढी हुशार आहेस, एकदा बघ ना गं पोरी. यांना नको सांगूस, उगाच जिवाला लावून घेतील. तिने लिहिलेलं काही आत उरलं असेल तर मला नुसतं वाचायचंय. मी कसली नाही म्हणतेय!

१५ मार्च

काकांचं ऑपरेशन छान झालं. मोतीबिंदू पार पिकलेला, टाके घालावे लागले, म्हणून दहा-बारा दिवस डोळ्यावर पट्टी आहे, वर पडून असतात. वाकायचं नाही आणि जिना उतरायचा नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं म्हणून माऊचा लॅपटॉप घेतला. पूर्ण उघडला. जळलेलं काही म्हणजे काही नाही, बोर्ड नव्यासारखा. चालूही झाला. फक्त पेटीचं बटण दाबलं की काही होत नव्हतं. मग एफ-टू दाबून बायॉसमध्ये गेले आणि कपाळावर हात मारला. सिरियल पोर्ट: डिसेबल्ड! काकांच्या अधू नजरेने कधीतरी चुकून झालं असणार आणि त्यांना वाटलं जळलं. वर्षभर काकू रडतायत आणि दुखणं काय, तर एक ओळ. मी एनेबल्ड केलं, नेहमीचा पत्ता दिला, सेव्ह केलं. एवढा आनंद मला लेथच्या वेळीही झाला नव्हता.

अक्षरांची स्क्रीन आपोआप आली. चौकट फिरायला लागली. मी वहीवर हिशोब मांडत होते, पेटीला हातही लावला नव्हता. चौकट स्वरांच्या ओळीवर थांबली. आ. मग पुन्हा फिरली. ई.

बटण अडकलं असेल म्हणून वायर काढली. पेटी माझ्या मांडीवर, वायर लोंबकळतेय. चौकट फिरली, थांबली. आई. परत आई.

जुनं काहीतरी आत साठून राहिलं असेल, ते बाहेर पडत असेल. असं होतं कधीकधी. मी मिटवून ठेवलंय.

१६ मार्च

सकाळी शांत डोक्याने तपासलं. पोर्टचा पत्ता बदलला, इंटरप्ट बदलला, ऑटोवर ठेवून पाहिलं. काही फरक नाही. पोर्ट उघडा असला की अक्षरं येतात, बंद केला की बंद. आणि साठलेलं नाही ते. कारण मी वैतागून तोंडाने म्हटलं, कोण आहे? तर चौकट फिरत फिरत लिहिलं गेलं: तू कोण. आई कुठे.

मग आलं: कूस बदला. कधीची डाव्या कुशीवर आहे. खांदा दुखतो.

काकू चहा घेऊन कधी आल्या कळलंच नाही. त्यांनी वाचलं. मला वाटलं किंचाळतील, कोसळतील. त्यांनी कप खाली ठेवला, पलंगापाशी गेल्या आणि रिकाम्या चादरीखाली दोन्ही हात घालून कोणालातरी वळवावं तसं केलं. उशी थोपटली. विचारलं, बरं वाटलं का गं राणी?

स्क्रीनवर आलं: नाही.

१९ मार्च

काकू तिथेच बसून असतात. वर काकांना सांगितलंय की खाली साफसफाई काढलीय. जेवत नाहीत. सारखं विचारतात, बाळा, कुठेयस तू, अंधार आहे का, थंडी आहे का? माऊ म्हणते, अंधार नाही. काहीच नाही. फक्त खांदा. ती गेली त्या सकाळी काकूंना जरा डोळा लागला होता, तिला वळवायची वेळ टळून गेली. डाव्या कुशीवरच गेली ती. ती अजून तशीच आहे. मला ऐकवत नाही हो. दार लावून गिऱ्हाइकांना सांगते की आज पार्ट नाहीत.

आज काकू काकांचं औषध आणायला गेल्या तेव्हा मी पोर्ट बंद केला. परत आल्यावर त्यांनी लॅपटॉप चालू केला, एफ-टू दाबलं, बाणाने खाली गेल्या आणि पोर्ट उघडला. दुकानात मी हे काम करताना त्या कितीदा शेजारी बसून बघायच्या. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या की पुन्हा असं करू नकोस.

२१ मार्च

काकांना सांगितलं. राहवेना. पट्टी बांधलेला चेहरा छताकडे करून ऐकत होते. मग म्हणाले की मला माहीत आहे. तिला नेऊन आलो त्याच दिवसापासून येत होतं. तुझी काकू ते वाचत पाण्याविना तिथे बसायची, तिच्याकडे जायच्या गोष्टी बोलायची. म्हणून मीच पोर्ट बंद केला आणि जळला म्हणून सांगितलं. वर्षभर रोज मला ठाऊक होतं, मास्तरीणबाई, की पोर तिथे कूस बदला म्हणतेय आणि मी बाप असून ऐकत नाहीये.

पट्टीवर पाणी यायला नको, डॉक्टरांनी सांगितलंय. ते हुंदका आवरत होते तो आवाज मला आयुष्यभर पुरेल.

म्हणाले, एकुलती एक पोर गेली, आता तुझ्या काकूला तरी वाचव. बायॉसला पासवर्ड टाक. तो मलाही सांगू नकोस.

२२ मार्च

टाकला. पोर्ट बंद, वर पासवर्ड. काकूंनी पुन्हा पुन्हा एफ-टू दाबलं. पासवर्ड मागत होतं. माझ्यावर ओरडल्या नाहीत. पाया पडू का म्हणाल्या. मी नाही म्हटलं, रडत रडत नाही म्हटलं. दिवसभर तिथेच बसल्या आणि संध्याकाळी उठून नीट जेवल्या. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

२३ मार्च

काकू गेल्या.

सकाळी खाली आले तर माऊच्या पलंगावर निजलेल्या. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड. दोन्ही हात पुढे, कोणाच्या तरी अंगाखाली घातल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच, त्रास झाला नसेल.

ऐकता आलं नाही म्हणून स्वतःच गेल्या. मी पासवर्ड टाकला नसता तर—

२४ मार्च

सगळे काकूंना घेऊन गेले. काकांना टायरवाल्याने हाताला धरून नेलं. मी एकटी मागे.

उघडला. मीच. मला फक्त एकदा बघायचं होतं की पोचल्या का, वळवलं का तिला. एवढं कळलं असतं तर मी कायमचा बंद केला असता. शपथेवर सांगते.

खूप वेळ चौकट नुसती फिरत होती. मग: आई आली.

मी तिथेच खुर्चीत रडले. बरं वाटून रडले, देवा, किती दिवसांनी. मोठ्याने म्हटलं, माऊ, आता दुखत नाही ना गं?

आई माझ्या पाठीला आहे.

आईलाही हलता येत नाही.

२५ मार्च

काका विचारत होते, पोर्ट बंदच आहे ना? हो म्हटलं. खोटं बोलले. बंद करवत नाही मला. दोघी आहेत तिथे— निदान कोणीतरी ऐकतंय एवढं तरी—

आज दोघींचं आलं. आई म्हणते चुकलं माझं. आई म्हणते यांना सांगू नका. मग माऊचं: बाबांचे हात बळकट आहेत. बाबा वळवतील.

नाही. बाबा नाही. मी ओरडले तिच्यावर. मेलेल्या पोरीवर ओरडले.

उद्या काकांची पट्टी निघणार. मग त्यांना वाचता येईल.

२६ मार्च

काका टायरवाल्याच्या गाडीतून डॉक्टरांकडे गेलेत. ते यायच्या आत बंद करायचा. पासवर्ड बदलायचा, लॅपटॉप ताईकडे पाठवून द्यायचा. त्यांनी हे वाचलं तर ते राहणार नाहीत. एवढं तर मला कळतं.

बायॉसमध्ये गेले. डिसेबल्डवर आणलं. एफ-टेन. सेव्ह करायचं का विचारतंय—

एकदा निरोप तरी घ्यायला हवा. असंच तोंडावर दार कसं आपटू. नो म्हटलं. परत चालू केलं—

सांगितलं दोघींना. की बंद करतेय. की मला माफ करा. चौकट फिरतेय— नको— एकटं नको— खांदा—

गाडी थांबली बाहेर.

मिटते. मिटतेय—

दारात काका. पट्टी नाही. तिथूनच वाचलं त्यांनी सगळं. मी लॅपटॉप मिटला तर माझा हात बाजूला करून परत उघडला— रागावले नाहीत— म्हणाले मास्तरीणबाई, माझे हात अजून धड आहेत. मी उचलीन दोघींना—

काका, काकूंनाही नाही जमलं. सांगितलं मी. ओरडून सांगितलं. नुसते हसले, म्हणाले तिच्या हातात कुठे जोर होता—

पलंगावर पडले— बूटसुद्धा पायात— भिंतीकडे तोंड—

हलवतेय. उठत नाहीत. फोन लावलाय, टायरवाला येतोय, डॉक्टर— काका उठा ना— श्वास—

वायर काढली, बॅटरी काढली, तरी चौकट फिरतेय—

ब

बा

बाबांनाही ह